नव्या विमानाला जुन्या नियमाची सवलत : कॉकपिटमधील इशाऱ्यांची व्यवस्था

आकाशवेध (धागालेखक)

नमस्कार. गेले काही महिने बोइंग ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांचे अधिकृत अहवाल सवडीने वाचतो आहे. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी लायन एअरचे विमान जकार्ताहून निघाल्यावर जावा समुद्रात कोसळले आणि १८९ जण मृत्युमुखी पडले. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचे विमान अदिस अबाबाहून नैरोबीला जाताना पडले आणि १५७ जणांचा अंत झाला. विमानाचे नाक आपोआप खाली दाबणाऱ्या एमकॅस या यंत्रणेविषयी मराठीतही बरेच लिहून आले आहे, म्हणून ते पुन्हा मांडत नाही. माझा प्रश्न तिच्या शेजारच्या, पण फारशा चर्चेत न आलेल्या गोष्टीविषयी आहे.

अमेरिकी काँग्रेसने डिसेंबर २०२० मध्ये विमान-प्रमाणीकरणाचा नवा कायदा केला. इशाऱ्यांची तातडीनुसार वर्गवारी करणारी आणि कोणता दोष आधी हाताळावा हे वैमानिकांना सुचवणारी व्यवस्था ज्या मोठ्या प्रवासी विमानात नसेल, त्याला २७ डिसेंबर २०२२ नंतर प्रमाणपत्र देऊ नये, असे त्यात एक कलम होते. ७३७ मध्ये अशी व्यवस्था नाही, आणि तिची मॅक्स ७ व मॅक्स १० ही रूपे त्या तारखेपर्यंत प्रमाणित झाली नव्हती. मुदत संपते न संपते तोच काँग्रेसने दुसऱ्या कायद्यात, काही सुधारणांची अट घालून, आधीच अर्ज केलेल्या विमानांसाठी ती मुदत उठवली. मृतांच्या नातेवाइकांनी या सवलतीला कडाडून विरोध केला होता.

ही सवलत योग्य होती का? माझे मत नकारार्थी आहे. १९६७ साली प्रमाणित झालेल्या विमानाचे कॉकपिट इशाऱ्यांच्या बाबतीत पन्नास वर्षांनंतरही मुळात तसेच राहावे, हे मला पटत नाही. जाणकारांनी दुसरी बाजूही मांडावी.

ओझरकर

विषय महत्त्वाचा आहे, परंतु ७३७ मध्ये नक्की काय नाही हे आमच्यासारख्यांना कळेल अशा शब्दांत कोणी सांगेल का?

उंचभरारी

मी निवृत्त वैमानिक आहे. सेवेचा बहुतेक काळ ७३७ वर गेला आणि शेवटची काही वर्षे एअरबस ए३२० वर, त्यामुळे दोन्ही कॉकपिट माझ्या अंगवळणी पडलेली आहेत.

७३७ मध्ये एखादी यंत्रणा बिघडली की दोन्ही वैमानिकांच्या डोळ्यांसमोर, काचेच्या खालच्या कडेला, मास्टर कॉशनचा पिवळा दिवा लागतो. त्याच्या शेजारी सहा छोट्या शब्दांची एक पट्टी असते, जिला आम्ही सिक्स पॅक म्हणतो. कॅप्टनच्या बाजूला इंधन, वीज, उड्डाण-नियंत्रणे असे सहा विभाग आणि सहवैमानिकाच्या बाजूला हायड्रॉलिक, इंजिन, दरवाजे असे आणखी सहा. त्यांतला एक शब्द उजळतो. तो केवळ दिशा दाखवतो; मग मान वर करून डोक्यावरच्या पॅनेलमध्ये नेमका कोणता दिवा लागला आहे ते शोधायचे, त्याचा अर्थ लावायचा आणि पुस्तिकेतून योग्य ती चेकलिस्ट काढायची.

बोइंगच्याच ७५७ आणि ७६७ मध्ये १९८२ पासून आयकास आहे, एअरबसमध्ये ए३१० पासून ईकॅम आहे. तिथे मधल्या पडद्यावर दोषाचे नाव अक्षरांत उमटते. तातडीचे लाल रंगात वर, त्याखाली पिवळे. ईकॅम तर करायच्या कृतीही ओळीने लिहून दाखवते आणि एक कृती झाली की ती ओळ पुसते. उड्डाणाच्या धावेत, विशिष्ट वेगानंतर, जे तातडीचे नाही ते ही व्यवस्था मुद्दाम रोखून धरते, कारण त्या क्षणी वैमानिकाचे लक्ष अन्यत्र वळणे हाच अधिक मोठा धोका असतो.

तरीही धागालेखकांशी मी पूर्ण सहमत नाही. ज्या कंपनीकडे शेकडो जुनी ७३७ आहेत, तिचा वैमानिक सकाळी जुने आणि दुपारी मॅक्स उडवतो. संकटात माणसाचा हात विचाराआधी सवयीने हलतो. एकाच कुटुंबातील दोन विमानांत इशारे वेगळ्या जागी, वेगळ्या स्वरूपात आले तर त्या सवयीला तडा जातो, आणि ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेतील वैमानिक संघटनांमध्येही या सवलतीविषयी एकमत नव्हते.

नागपूरचा एएमई

उंचभरारी यांनी वर्णन अचूक केले आहे. मी देखभाल अभियंता असल्यामुळे नियमाची बाजू थोडी उलगडतो, कारण पुष्कळ गैरसमज तिथेच होतात.

इशाऱ्यांविषयीचा अमेरिकी नियम म्हणजे तिथल्या विमान-नियमांच्या भाग २५ मधील, म्हणजे मोठ्या प्रवासी विमानांच्या भागातील, कलम १३२२. पूर्वी ते जवळजवळ दिव्यांच्या रंगांपुरतेच होते. २०१० मध्ये ते नव्याने लिहिले गेले आणि २०११ च्या आरंभी लागू झाले. त्यानुसार इशाऱ्यांचे तीन स्तर आहेत : ज्याची जाणीवही तत्काळ व्हावी आणि कृतीही तत्काळ व्हावी ते वॉर्निंग, जाणीव तत्काळ, पण कृती नंतर चालेल ते कॉशन, आणि केवळ ठाऊक असावे, कृती कदाचित लागेल ते अॅडव्हायझरी. वरच्या दोन स्तरांचा इशारा किमान दोन ज्ञानेंद्रियांना जाणवलाच पाहिजे, म्हणजे डोळा, कान आणि स्पर्श यांपैकी दोन. खोटे आणि उपद्रवी इशारे यांचा परिणाम कमीत कमी राहावा, अशी रचनाही बंधनकारक आहे.

मग हा नियम मॅक्सला पूर्णपणे का लागला नाही? कारण मॅक्स कायद्याच्या नजरेत नवे विमान नव्हते, जुन्या टाइप सर्टिफिकेटमधील, म्हणजे विमान-प्रकाराच्या प्रमाणपत्रातील, बदल होता. अशा बदलांसाठी भाग २१ मध्ये कलम १०१ आहे. बदललेल्या भागाला आजचे नियम लावावेत हे त्याचे मूळ तत्त्व. परंतु नवा नियम पाळणे अव्यवहार्य असेल किंवा त्याने सुरक्षिततेत लक्षणीय भर पडत नसेल, तर जुना नियम चालतो. मॅक्सला कलम १३२२ च्या काही भागांपुरती हीच वाट मिळाली. मार्च २०१७ मध्ये ते प्रमाणित झाले.

वाट कायदेशीर होती. माझी खंत अशी आहे की ‘लक्षणीय भर पडत नाही’ हे ठरवताना एकेका कलमाचा स्वतंत्र हिशेब झाला. इंजिने मोठी झाली, ती पंखाच्या पुढे आणि वर सरकली, त्यामुळे एमकॅस आले, एमकॅस एकाच सेन्सरवर विसंबून राहिले, आणि तो सेन्सर चुकला तर वैमानिकाला काय दिसेल व काय ऐकू येईल, हा प्रश्न या सर्व बदलांना एकत्र धरून पुरेशा गांभीर्याने विचारला गेला नाही.

वसईकर

उंचभरारी यांच्या सवयीच्या मुद्द्याला ७३७ च्याच इतिहासात एक उलटे उदाहरण आहे. १४ ऑगस्ट २००५ रोजी हेलिओस एअरवेजचे विमान सायप्रसमधील लार्नाकाहून अथेन्समार्गे प्रागला निघाले. केबिनमधील हवेचा दाब राखणाऱ्या यंत्रणेचे बटण देखभालीनंतर मॅन्युअल स्थितीतच राहिले होते. विमान वर चढत असताना केबिनमधील दाब घटत गेला आणि भोंगा वाजला. या विमानात तोच भोंगा दोन कामे करी : जमिनीवर उड्डाणाची मांडणी, म्हणजे पंखांवरच्या फ्लॅपसारख्या भागांची स्थिती, चुकीची आहे हे सांगणे, आणि हवेत केबिनचा दाब घटल्याचे सांगणे. दोन्हींचा आवाज एकच. वैमानिकांच्या कानांना पहिला अर्थ परिचित होता, म्हणून हवेत असूनही त्यांनी तोच अर्थ धरला. ऑक्सिजनअभावी त्यांची शुद्ध हरपली आणि इंधन संपल्यावर विमान ग्रीसमधील ग्रामातिको गावाजवळ डोंगरावर आदळले. १२१ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

त्यानंतर या दोन अर्थांसाठी दोन वेगळे दिवे बसवणे बंधनकारक झाले. पडद्यावर ‘केबिनचा दाब’ अशी अक्षरे लाल रंगात उमटली असती, तर त्या वैमानिकांना आवाजाचा अर्थ लावत बसण्याची वेळ आली नसती, असे मला मनापासून वाटते.

उंचभरारी

वसईकर, हेलिओसचा दाखला मला मान्य आहे. आम्हाला तो प्रशिक्षणात शिकवला जात असे. परंतु आधुनिक व्यवस्था म्हणजे सुरक्षितता असे समीकरण मांडण्यापूर्वी दोन एअरबसकडेही पाहावे.

४ नोव्हेंबर २०१० रोजी क्वांटासचे ए३८० सिंगापूरहून निघाल्यावर त्याचे दुसऱ्या क्रमांकाचे इंजिन फुटले आणि तुकड्यांनी पंखातील तारा व नळ्या कापल्या. ईकॅमवर संदेशांची रांग लागली. एक पुसावा तर त्याखाली दुसरा. त्या चेकलिस्ट पुऱ्या करायला सुमारे ५० मिनिटे लागली, आणि तीही त्या दिवशी योगायोगाने कॉकपिटमध्ये पाच वैमानिक असताना. ४६९ जण सुखरूप उतरले याचे श्रेय, यादीच्या मागे न धावता ‘आपल्याकडे अजून काय शाबूत आहे’ असा विचार करणाऱ्या वैमानिकांना आहे.

दुसरे, एअर फ्रान्सचे ए३३०, १ जून २००९, अटलांटिक महासागर, २२८ मृत्यू. तिथे स्टॉलची, म्हणजे पंखांची उचलण्याची शक्ती सुटत असल्याची, सूचना कितीतरी वेळा वाजली. परंतु मोजलेला वेग ६० नॉटच्या खाली गेला की संगणक ते आकडे अविश्वसनीय मानून सूचना बंद करी. परिणामी वैमानिकाने नाक खाली केले, म्हणजे योग्य तेच केले, की वेग वाढून सूचना पुन्हा सुरू होई. नाक वर ओढले की ती थांबे. योग्य कृतीला ओरड आणि चुकीच्या कृतीला शांतता, असा विपरीत अर्थ त्यातून निघत होता. हे अत्याधुनिक विमान होते.

सातारची सिस्टर

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. विमानातले मला कळत नाही, पण वरचा प्रतिसाद वाचताना आमचा विभाग डोळ्यांसमोर आला. दहा खाटांवरची यंत्रे दिवसभर वाजत असतात आणि त्यांतील बरेच आवाज सुटलेल्या तारेचे किंवा रुग्णाने कूस बदलल्याचे असतात. नव्या मुली पहिल्या आठवड्यात प्रत्येक आवाजाला धावतात, आणि महिन्याभरात त्यांचा कान आपोआप काही आवाज गाळू लागतो. त्या गाळण्याची आम्हाला फार भीती वाटते. नियमातच ‘खोटे इशारे कमी ठेवा’ असे लिहिले आहे हे वाचून बरे वाटले.

शब्दवेडी

एक छोटी सूचना. वॉर्निंग, कॉशन आणि अॅडव्हायझरी या तिन्हींसाठी आपण या धाग्यात ‘इशारा’ आणि ‘सूचना’ हे शब्द आलटून पालटून वापरत आहोत. ‘धोका’, ‘सावधान’ आणि ‘नोंद’ असे तीन शब्द ठरवले तर वाचणाऱ्याला तातडीची पायरी लगेच कळेल.

ओझरकर

‘नोंद’ फार आवडला.

आकाशवेध

उंचभरारी यांच्या दोन्ही उदाहरणांनी माझ्या मताला आवश्यक ती मुरड घातली, त्याबद्दल आभार. ईकॅम किंवा आयकास बसवले की काम संपले, असे मला म्हणायचे नव्हते, पण माझ्या पहिल्या लेखनातून तसा अर्थ निघत होता.

आता लायन एअरच्या कॉकपिटमध्ये काय चालले होते ते पाहू. विमानावर नव्याने बसवलेला डावीकडचा अँगल ऑफ अटॅक सेन्सर, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन मोजणारा, सुमारे २१ अंशांनी चुकीचा जुळवलेला होता. जमीन सुटते न सुटते तोच कॅप्टनचा स्टिक शेकर सुरू झाला, म्हणजे स्टॉलचा इशारा म्हणून हातातला दांडा थडथडू लागला, आणि तो उड्डाणभर तसाच राहिला. दोन्ही बाजूंचा वेग जुळत नाही, उंची जुळत नाही, असे संदेश पडद्यावर आले. पुढे एमकॅस नाक खाली दाबू लागले. मुळाशी एकच चुकलेला सेन्सर होता, परंतु ‘सेन्सर जुळत नाहीत’ हा एकमेव उपयोगी संदेश आला नाही. तो सर्व मॅक्समध्ये असणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात सॉफ्टवेअरमध्ये तो एका ऐच्छिक दर्शकाशी जोडला गेला होता आणि ज्यांनी तो दर्शक घेतला नव्हता त्यांच्या विमानांत तो कधी उमटतच नव्हता. बोइंगला ही चूक २०१७ मध्येच समजली होती.

अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात-तपास मंडळाने सप्टेंबर २०१९ मध्ये दाखवून दिले की, प्रमाणीकरणाच्या वेळी सिम्युलेटरवर एमकॅस अकारण चालू करून वैमानिकाचा प्रतिसाद पाहिला गेला, पण ज्या बिघाडामुळे ते चालू होईल त्या बिघाडाने येणारे बाकीचे इशारे त्यासोबत दिले गेले नाहीत. शांत कॉकपिटमध्ये परीक्षा घेतली आणि उत्तर गोंगाटातल्या वैमानिकाला लागू केले. उंचभरारी, सवयीचा तुमचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु या गोंगाटाची सवय कोणत्याही वैमानिकाला नव्हती.

वांद्रे रेक्लमेशन

माझ्या वडिलांच्या पिढीला १ जानेवारी १९७८ ची रात्र आठवते. एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे ७४७ सांताक्रूझहून दुबईला निघाले आणि काही मिनिटांत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ जण गेले. उजवे वळण संपवून विमान सरळ झाले होते, तरी कॅप्टनसमोरचे कल दाखवणारे उपकरण उजवा कलच दाखवत राहिले. खाली काळा समुद्र, क्षितिज नाही, आणि त्यांनी उपकरणावर विश्वासून विमान डावीकडे कलवत नेले. कॉकपिटमध्ये तेच दाखवणारी आणखी दोन उपकरणे होती. दोन स्रोत जुळत नाहीत हे सांगणाऱ्या संदेशाचे मोल मला त्या घटनेमुळे समजते, म्हणून आकाशवेध यांनी लिहिलेली ऐच्छिक दर्शकाची हकीकत वाचून अस्वस्थ झालो.

डोंबिवलीकर

आपल्याकडे अकासा या विमान कंपनीची सर्व विमाने मॅक्स आहेत आणि मी त्यांनी नियमित प्रवास करतो. प्रवाशाने काळजी करावी का?

नागपूरचा एएमई

डोंबिवलीकर, एमकॅसचा दोष दुरुस्त झाला आहे. आता ते दोन्ही सेन्सर ताडून पाहते, दोन्हींत तफावत असेल तर चालू होत नाही, आणि एका प्रसंगात एकदाच कृती करते. सेन्सर जुळत नसल्याचा संदेशही सर्व विमानांत कार्यरत झाला आहे. डीजीसीए या आपल्या विमान-नियामकाने मार्च २०१९ मध्ये थांबवलेली ही विमाने ऑगस्ट २०२१ मध्ये, या सुधारणा आणि सिम्युलेटर प्रशिक्षणाच्या अटी घालूनच, पुन्हा उडू दिली. मी स्वतः कुटुंबासह त्यांतून प्रवास करतो.

मूळ प्रश्नाकडे वळतो. २०२२ च्या अखेरीस मुदत उठवताना काँग्रेसने ज्या अटी घातल्या, त्यांचा उल्लेख धागालेखकांनी ओझरता केला आहे, आणि माझ्या मते उत्तर तिथेच आहे. पहिली अट, दोन भौतिक सेन्सरांच्या जोडीला इतर माहितीवरून कोन काढणारा तिसरा, संगणकीय स्रोत. दुसरी अट, स्टिक शेकर आणि अतिवेगाचा खडखडाट चुकीने सुरू झाले तर ते बंद करण्याची सोय. या दोन्ही सुधारणा केवळ नव्या रूपांपुरत्या नाहीत; मॅक्स १० प्रमाणित झाल्यापासून ३ वर्षांच्या आत त्या आधीपासून उडणाऱ्या सर्व मॅक्समध्ये बसवायच्या आहेत. संपूर्ण आयकासचा आग्रह धरला असता तर ते कदाचित दोन नव्या रूपांत आले असते आणि सेवेत असलेली विमाने जशीच्या तशी राहिली असती. म्हणून सवलत मला अप्रिय असली तरी तिच्या बदल्यात मिळालेले मला मोलाचे वाटते.

वसईकर

इशारा बंद करण्याची सोय ही सुधारणा कशी? उद्या कोणी खरा इशाराही बंद करेल. १९८७ मध्ये डेट्रॉइटला नॉर्थवेस्टच्या एमडी-८२ चा उड्डाण-मांडणीचा इशारा वीजपुरवठा नसल्यामुळे वाजलाच नाही, फ्लॅप न उघडता विमान उडाले आणि १५६ जण गेले. २००८ मध्ये माद्रिदला स्पॅनएअरच्या त्याच प्रकारच्या विमानात तोच इशारा पुन्हा मुका राहिला आणि १५४ जण गेले.

नागपूरचा एएमई

शंका रास्त आहे, आणि कलम १३२२ लिहिणाऱ्यांना ती आधीच पडली होती. बिघडलेला इशारा दाबण्याची सोय द्या, असे ते कलम सांगते. पण ती चुकून किंवा सवयीने हात लागेल अशा जागी नको, आणि इशारा दाबला आहे हे वैमानिकाला स्पष्ट दिसत राहिले पाहिजे, असेही बजावते. डेट्रॉइट आणि माद्रिदला ही शेवटची गोष्टच नव्हती. इशारा मुका आहे, हे कोणालाच कळले नाही.

उंचभरारी

या ठिकाणी मी माझे मत काही अंशी बदलतो. थडथडणारा दांडा हातात असताना माणूस दुसरे काही ऐकू वा वाचू शकत नाही, हे मी सिम्युलेटरमध्ये अनुभवले आहे. ती थडथड मुद्दाम दुर्लक्ष करता येणार नाही अशीच बनवलेली असते. ती खोटी आहे हे कळल्यावरही ती थांबवता येत नसेल, तर दोन ज्ञानेंद्रिये वाया गेलेली असतात. कॅनडा आणि युरोपच्या नियामकांनी २०२१ च्या जानेवारीत मॅक्सला परवानगी देतानाच स्टिक शेकरचा ब्रेकर, म्हणजे त्याची वीज तोडणारी खुंटी, ओढण्याची मुभा दिली आणि तो चटकन सापडावा म्हणून त्यावर रंगीत टोपी बसवायला लावली. अमेरिकेने तेव्हा ते मान्य केले नव्हते.

आकाशवेध

तो ब्रेकर कोठे असतो?

उंचभरारी

आसनांच्या मागच्या भिंतीवर, इतर अनेक ब्रेकरांच्या रांगांत. विमान हातात धरून वळून पाहणे एकट्याचे काम नाही. लायन एअरचे तेच विमान आदल्या रात्री हाच दोष घेऊन देनपसारहून जकार्तापर्यंत गेले होते. ट्रिमची, म्हणजे एमकॅस ज्यातून नाक खाली दाबत होते त्या शेपटाच्या यंत्रणेची, वीज तोडून आणि दांडा थडथडत असतानाच त्या वैमानिकांनी ते सुखरूप उतरवले. त्या उड्डाणात दोघांच्या मागच्या आसनावर आणखी एक वैमानिक बसलेला होता.